बोर्ड तोच, प्रोसेसर नवा: एएमफोर डेस्कटॉपचं बायोस अपडेट करून रायझन कसा बदलायचा

भाच्याचा डेस्कटॉप आम्ही दोघांनी मिळून २०१९ साली जोडला होता. बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, एएमडीचा रायझन ५ १६०० प्रोसेसर, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम आणि एक मध्यम ग्राफिक्स कार्ड. मशीन कधी कुरकुरलं नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत रायझनची पहिली पिढी नाही. दुकानात चौकशी केली तर उत्तर मिळालं, 'बोर्ड, रॅम, प्रोसेसर तिन्ही बदला.' नव्या एएमफाइव्ह (एएमडीच्या पुढच्या सॉकेटच्या) बोर्डाला डीडीआर५ रॅमच लागते, त्यामुळे हिशेब फुगतच जातो. एवढं करायची काहीच गरज नव्हती. बोर्ड, रॅम, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), सगळं तेच ठेवून आम्ही रायझन ५ ५६०० बसवला. एका दुपारचं काम.

हे घरी करता येतं, आणि चांगलं चालणारं मशीन भंगारात जाण्यापासून वाचतं. पण क्रम चुकला की तेच काम चार दिवस रडवतं. म्हणून क्रम आधीच सांगतो: आधी तपासणी, मग जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट, मग विंडोज एकदा चालू करून खात्री, आणि त्यानंतरच कूलरला हात. ज्यांचा डिस्प्ले आला नाही म्हणून मला फोन येतात, त्यातल्या बहुतेकांनी उत्साहात आधी प्रोसेसर बदललेला असतो.

बायोस का लागतं

एएमफोर हे बोर्डावरचं सॉकेट, म्हणजे एएमडीचा प्रोसेसर बसवायची जागा, २०१६ पासूनचं. त्यात २०१७ चे रायझन १००० बसतात आणि २०२० नंतरचे रायझन ५००० सुद्धा. पिना तेवढ्याच, १३३१. पण प्रोसेसर बसला म्हणजे बोर्डाने तो ओळखला असं होत नाही. बोर्डावर एक छोटी फ्लॅश चिप असते. मशीन चालू होताच प्रोसेसर जागा कसा करायचा, रॅम कुठल्या वेगाने चालवायची, याचा कोड त्या चिपमध्ये असतो. एएमडी हा कोड 'अगेसा' नावाने बोर्ड कंपन्यांना देते आणि त्या तो आपापल्या बायोसमध्ये घालतात. २०१९ च्या बायोसला २०२२ साली आलेला प्रोसेसर माहीत असणं शक्यच नाही. त्यामुळे पंखे फिरतात, दिवे लागतात आणि स्क्रीन काळाच राहतो.

याच्यामागे एक गोष्ट आहे, ती आज तुमच्या उपयोगाची आहे. मे २०२० मध्ये एएमडीने सांगितलं होतं की बी४५० वर पुढच्या पिढीचे रायझन चालणार नाहीत. अडचण जागेची होती. बऱ्याच बोर्डांवरची चिप फक्त १६ एमबीची आणि प्रोसेसरांची यादी वाढत चाललेली. ग्राहक चिडले, कंपनीने त्याच महिन्यात निर्णय फिरवला आणि २०२१ च्या सुरुवातीपासून बी४५० साठी बायोस यायला लागले. पण जागा करण्यासाठी काही बोर्डांच्या नव्या आवृत्त्यांतून सगळ्यात जुन्या प्रोसेसरांचा आधार काढला गेला, आणि काही आवृत्त्यांवरून मागे येता येत नाही. म्हणून डाउनलोड पानावर आवृत्तीखाली लिहिलेल्या त्या दोन-तीन ओळी न वाचता पुढे जाऊ नका.

पेटी उघडण्याआधी

स्टार्टमध्ये 'सिस्टीम इन्फर्मेशन' शोधा. त्यात बेसबोर्डचं (म्हणजे बोर्डाचं) नाव आणि बायोसची आवृत्ती व तारीख दिसते. फोनवर फोटो काढा. मग कॅबिनेटची बाजू उघडून बोर्डावर छापलेलं नाव पुन्हा वाचा. गिगाबाइटच्या बोर्डावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'रेव्ह १.०' असं काहीतरी असतं, तेही लिहून घ्या. नाव एकच, पण रिव्हिजन वेगळी असेल तर बायोसची फाइलही वेगळी असू शकते. बी४५०एम, बी४५०एम मॅक्स आणि बी४५०एम प्रो हे तीन वेगळे बोर्ड आहेत, हेही ध्यानात ठेवा.

आता कंपनीच्या साइटवर तुमच्याच बोर्डाच्या पानावर जाऊन प्रोसेसरची यादी उघडा. घ्यायच्या प्रोसेसरसमोर किमान कुठली आवृत्ती लागते ते दिलेलं असतं. तिथे तो प्रोसेसर नसेल, तर दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका.

कुठला घ्यावा? साध्या बी४५० बोर्डावर ६५ वॉटचे ५६०० किंवा ५७००एक्स हे माझ्या मते सगळ्यात शहाणे पर्याय. ६५ वॉट हा कागदावरचा आकडा. हे प्रोसेसर सॉकेटमधून प्रत्यक्षात ७६ वॉटपर्यंत ओढतात आणि १०५ वॉटचे १४२ पर्यंत. प्रोसेसरशेजारच्या व्होल्टेज सर्किटवर ज्या बोर्डाला साधा हीटसिंकही नाही, त्याच्यावर १०५ वॉटचा प्रोसेसर मी बसवणार नाही. ५६०० मध्ये १६०० इतकेच सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत. मग फरक कशात? १६०० मध्ये सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले, प्रत्येक गटाकडे आठ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी). ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच गटात आणि सगळ्यांसाठी मिळून ३२ एमबी. वर कमाल वेग ३.६ वरून ४.४ गिगाहर्ट्झ. फाइल उघडण्यापासून गेमपर्यंत सगळीकडे हा फरक हाताला जाणवतो.

एक फसगत मात्र नेहमी होते. तुमच्याकडे २२००जी किंवा ३४००जी असेल आणि मॉनिटरची वायर थेट बोर्डाला लावलेली असेल, तर ५६०० किंवा ५७००एक्स बसवल्यावर डिस्प्ले येणारच नाही. त्यांच्यात ग्राफिक्स नाही. ग्राफिक्स कार्ड नसेल तर ५६००जी किंवा ५७००जी बघा. आणि ५७००एक्सच्या खोक्यात कूलर येत नाही, ५६०० च्या येतो.

बॅकअप आणि बिटलॉकर

बॅकअपबद्दल वेगळं सांगत नाही, तो घ्याच. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, तिच्याबद्दल मात्र सांगायला हवं, कारण आपल्या मशीनवर ते चालू आहे हेच अनेकांना माहीत नसतं. बिटलॉकरची किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षित कप्प्यात असते, आणि या बोर्डांवर टीपीएम हे प्रोसेसर आणि बायोसच्या आतच असतं. प्रोसेसर बदलला की ते कोरं होतं आणि विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधीच तिथे जाऊन ती कागदावर उतरवा. त्याच मशीनवर फाइल करून ठेवली तर ऐन वेळी उघडणार कशी?

त्यानंतर 'मॅनेज बिटलॉकर' मध्ये जाऊन संरक्षण सस्पेंड करा. एकदा रीस्टार्ट झालं की ते आपोआप पुन्हा चालू होतं. म्हणून बायोसच्या आधी एकदा आणि प्रोसेसर काढण्याआधी पुन्हा एकदा, असं दोनदा करावं लागतं. विंडोजची परवानगी (लायसन्स) बोर्डाशी जोडलेली असते, बोर्ड तोच राहिल्याने ती सहसा टिकते. तरी विंडोज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेलं आहे ना, हे सेटिंग्जमध्ये पाहून ठेवा.

बायोस अपडेट

आठ ते बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. बायोसची झिप फाइल उघडून आतली मूळ फाइल पेनड्राइव्हवर टाका, फोल्डरमध्ये नको. काही बोर्डांना थेट शेवटच्या आवृत्तीवर जाता येत नाही, मधली एक आवृत्ती किंवा छोटं टूल आधी चालवावं लागतं. ते त्या दोन-तीन ओळींत लिहिलेलं असतं. 'बीटा' लिहिलेली आवृत्ती नाइलाज असेल तरच घ्या.

विंडोजमधून बायोस अपडेट करणारी सॉफ्टवेअर मिळतात, मी ती वापरत नाही. मागे अँटिव्हायरस चालू असतो, विंडोजला मध्येच रीस्टार्ट सुचतं, आणि चिप अर्धी लिहून झालेली असताना हँग झालं तर बोर्ड मेलाच. बायोसच्या आतलं टूल सगळ्यात सुरक्षित.

त्याहून मोठा धोका लाईट जाण्याचा. यूपीएस नसेल तर एका दिवसासाठी कुणाकडून तरी आणा. घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच इन्व्हर्टरना बॅटरीवर यायला लागणारा क्षण कॉम्प्युटर बंद पडायला पुरेसा असतो. इन्व्हर्टरला मागे 'यूपीएस मोड' चं बटण असेल तर ते चालू करा, आणि आधी एकदा मेन स्विच पाडून मशीन टिकतं का बघा. पावसाळी संध्याकाळी, आभाळ गडगडत असताना हे काम काढूच नका.

मशीन चालू करताना डिलीट दाबत राहा, बायोस उघडेल. प्रत्येक पानाचा फोटो काढा: रॅमचं एक्सएमपी (तिच्या वेगाची सेटिंग), बूटचा क्रम, साटाची पद्धत, पंख्यांच्या सेटिंग्ज. अपडेटनंतर हे सगळं मूळ जागी जाणार आहे. ओव्हरक्लॉक असेल तर काढा, 'लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स' करा, सेव्ह करून पुन्हा आत या.

अपडेटच्या टूलचं नाव कंपनीप्रमाणे बदलतं. गिगाबाइटचं क्यू-फ्लॅश, एमएसआयचं एम-फ्लॅश, असूसचं ईझेड फ्लॅश, एएसरॉकचं इन्स्टंट फ्लॅश. पेनड्राइव्हवरची फाइल निवडा. टूल बोर्डाचं नाव आणि फाइल जुळवून बघतं. जुळत नाही असं म्हणालं तर तिथेच थांबा, जबरदस्ती नको. जुळलं की आधी पुसणं, मग लिहिणं, मग पडताळणी अशा पट्ट्या सरकतात. काही मिनिटांचं काम. त्या मिनिटांत माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह कशालाही हात लावायचा नाही. नंतर मशीन स्वतःच एक-दोनदा बंद-चालू होतं. भाच्याच्या मशीनवर पट्टी शंभरावर गेली आणि स्क्रीन काळा झाला, तेव्हा त्याचा हात पॉवर बटणाकडे गेलाच होता. मी तो धरून ठेवला. मिनिटभराने लोगो आला.

पुन्हा बायोसमध्ये जाऊन नवी आवृत्ती दिसते का पाहा, डिफॉल्ट लोड करा, विंडोज चालू करा आणि तासभर नेहमीसारखं वापरा. हा तास वाया जात नाही. पुढे काही अडलं तर दोष बायोसचा नाही, एवढं तुम्हाला पक्कं ठाऊक असतं.

प्रोसेसर आधीच बदलला असेल आणि जुना विकून टाकला असेल तर? बोर्डाच्या मागे 'फ्लॅश बायोस' किंवा 'क्यू-फ्लॅश प्लस' असं बटण आहे का बघा. असेल तर प्रोसेसरशिवायही अपडेट होतं. फाइलला मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नेमकं नाव द्यायचं, पेनड्राइव्ह खूण केलेल्या पोर्टमध्येच लावायचा, बोर्डाच्या २४ पिनी आणि ८ पिनी दोन्ही वायरी जोडलेल्या हव्यात, आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही. बी४५० च्या बऱ्याच बोर्डांवर ही सोय नाही. मग जुना रायझन उसना मिळतो का बघा, किंवा चिप थेट लिहिणारा प्रोग्रामर असलेला लॅपटॉप दुरुस्तीवाला गाठा.

कूलर काढणं: इथेच सगळ्यात जास्त जपा

इंटेलच्या सध्याच्या बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात. एएमफोरमध्ये त्या प्रोसेसरच्या पोटाला आहेत आणि सॉकेट त्यांना फक्त बाजूने चिमटून धरतं, वरून झाकण नसतं. वर्षानुवर्षं वापरून मधली उष्णता वाहणारी पेस्ट सुकली की कूलर आणि प्रोसेसर एकमेकांना चिकटतात. सरळ वर ओढलं की लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरबरोबर बाहेर येतो. माझ्या हातून ताईच्या मशीनवर हेच झालं. कूलर उचलला, उलटा केला, तर प्रोसेसर त्याला चिकटलेला आणि एका कोपऱ्यातल्या पाच पिना शेतात आडव्या पडलेल्या ज्वारीसारख्या एका बाजूला झुकलेल्या. लीड काढलेली मेकॅनिकल पेन्सिल पिनेवर टोपीसारखी बसवून, एकेक पिन केसभर हलवत सरळ केली. दीड तास गेला. प्रोसेसर वाचला, पण पिन दोनदा वाकवली की तुटते, म्हणून ही वेळच येऊ देऊ नका.

त्यासाठी करायचं एवढंच. काढण्याआधी मशीन पंधरा-वीस मिनिटं जड कामावर ठेवा, एखादा गेम किंवा स्ट्रेस टेस्ट चालेल. पेस्ट गरम होऊन मऊ पडते. मग शटडाऊन करा, एसएमपीएसचं बटण बंद करा, वायर काढा आणि पॉवर बटण दोन-चार सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या. वेळ न घालवता कॅबिनेट आडवं झोपवा आणि पंख्याची वायर सोडवा. चार स्क्रूचा कूलर असेल तर समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे ढिले करत जा, एकच पूर्ण काढून मोकळे होऊ नका. शेवटचा स्क्रू सुटताना बोर्डामागची लोखंडी प्लेट निसटू शकते, ती मागून बोटाने धरा. आता कूलर ओढू नका. बरणीचं झाकण उघडतो तसा डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवा. आधी हलणार नाही, मग किंचित सरकेल, आणि पकड सुटल्याचं हाताला कळेल. तेव्हाच तिरका करून उचला.

हे सगळं करताना अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावत राहा, अंगातली स्टॅटिक वीज निघून जाते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा त्रास कमी. विदर्भ-मराठवाड्यात हिवाळ्या-उन्हाळ्यात मात्र हवा इतकी कोरडी असते की नायलॉनचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो. तिथे सुती कपडे घालूनच बसा.

नवा प्रोसेसर

सॉकेटच्या बाजूची लिव्हर थोडी बाहेर ओढून सरळ उभी करा. जुना प्रोसेसर कडांना धरून सरळ वर उचला आणि ताबडतोब डबीत ठेवा. सॉकेटमध्ये फुंकर मारू नका, थुंकीचे कण जातात. पेस्टचा तुकडा पडला असेल तर टॉर्च धरून चिमट्याने उचला.

नव्या प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर बारीक सोनेरी त्रिकोण आहे, सॉकेटच्याही एका कोपऱ्यावर तसाच त्रिकोण. ते दोन्ही एकावर एक आणून प्रोसेसर नुसता ठेवा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो, चारही बाजूंनी सपाट. बसत नसेल तर उचला, पिना उजेडासमोर आडव्या धरून ओळीने बघा, पुन्हा ठेवा. बोट लावून दाबायचा मोह टाळा. सपाट बसल्यावर लिव्हर खाली करा.

जुना कूलर परत वापरणार असाल तर त्याचा तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने चकाकेपर्यंत पुसा. ते इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये पाणी आणि इतर द्रव्यं असतात, ते नको. प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, कूलरच्या दाबाने ती पसरते. नव्या कूलरच्या तळाला राखाडी पेस्टचा थर आधीच असेल तर वरून आणखी लावू नका. कूलर सरळ खाली उतरवा, समोरासमोरचे स्क्रू दोन-दोन फेरे देत आवळा आणि पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांनाच लावा.

पहिल्यांदा चालू करताना

स्क्रीन काळा राहील. घाबरू नका. बोर्ड नव्या प्रोसेसरबरोबर रॅम जुळवून बघत असतो, एक-दोनदा स्वतःच बंद-चालूही होईल. पाच मिनिटं थांबा.

त्यानंतर बऱ्याच बोर्डांवर इंग्रजीत एक निरोप येतो: नवा प्रोसेसर लागला आहे, एफटीपीएम (प्रोसेसर-बायोसमधलं तेच टीपीएम) कोरं करायचं का? वाय की एन? रिकव्हरी की कागदावर असेल तर निःशंक वाय दाबा. विंडोजमध्ये आल्यावर लॉगिनची आकडी पिन नव्याने सेट करावी लागू शकते.

पाच मिनिटांनीही काही आलं नाही तर बोर्डावरचे छोटे दिवे बघा. सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट यांपैकी ज्याच्यासमोर दिवा अडकलाय, दोष तिथे आहे. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा रॅम किंवा प्रोसेसरशेजारची ८ पिनी वायर धक्क्याने ढिली झालेली असते. एकच रॅम ठेवा, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, आणि टक् आवाज येईपर्यंत बसवा. तरी नाही तर वीज पूर्ण काढून बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. तेही फसलं तर जुना प्रोसेसर परत लावून बघा. नव्या बायोसमध्ये त्याचा आधार काढलेला नसेल, तर तुम्ही तासभर वापरलेलं तेच मशीन समोर येईल आणि शोध नव्या प्रोसेसरच्या पिनांपुरता उरेल.

डिस्प्ले आला की बायोसमध्ये जाऊन काढलेल्या फोटोंप्रमाणे सेटिंग्ज परत लावा, एक्सएमपी सगळ्यात शेवटी. विंडोज ११ साठी एफटीपीएम चालू हवं आणि बूट यूईएफआय या नव्या पद्धतीचं. जुन्या पद्धतीची एमबीआर डिस्क असेल तर बायोसमधली बूटची पद्धत बदलण्याआधी विंडोजच्या एमबीआर२जीपीटी टूलने ती बदलून घ्या, नाहीतर विंडोज बूटच होणार नाही. एएमडीच्या साइटवरून चिपसेट ड्रायव्हर नव्याने टाका.

मग अर्धा तास स्ट्रेस टेस्ट चालवून तापमान बघा. ५६०० आणि ५७००एक्स दोघांची मर्यादा ९० अंश आहे. खोक्यातल्या कूलरवर सत्तरी-ऐंशीत गेलं तर काळजी नाही. काही सेकंदांतच नव्वदीला टेकलं तर कूलर नीट बसलेला नाही. काढा, पेस्ट कुठे पसरली आणि कुठे कोरडं राहिलं ते बघा, पुसून पुन्हा लावा.

जुना १६०० नव्या प्रोसेसरच्या प्लास्टिक डबीत अगदी नीट बसतो. त्यावर बोर्डाचं नाव आणि तारीख लिहून महिनाभर कपाटात ठेवा, विकायची घाई नको.